नखं जपायची कशी

"आता हे कसं तुटलं?" मी विचारलं.

धनश्रीनं उजवा हात माझ्यासमोरच्या टॉवेलवर ठेवला होता. मधल्या बोटाचं नख जवळजवळ मुळापासून गेलेलं, शेजारचं अर्धं, आणि उरलेल्यांच्या खाली तांबडी माती अशी गच्च बसलेली, की मुलगी विहीर खणून थेट माझ्याकडे आली असावी.

"शेण काढताना तुटलं, ताई."

"आणि गेल्या वेळी?"

"भांडी घासताना."

"त्याच्या आधी?"

ती जरा आठवायला लागली. "गेटच्या कडीत आडकलं हुतं न्हवं का."

"मी तुला पिवळे हातमोजे दिले होते. ते कुठं आहेत?"

"म्हैस बुजती त्यास्नी."

मी हातातली कानस खाली ठेवली आणि थोडा वेळ पंख्याकडे बघत बसले. तिच्याकडे बघितलं असतं तर तोंडातून काहीतरी वेडंवाकडं गेलं असतं.

याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा विट्यात जेलची नखं करणारी मी एकटीच होते. कोल्हापूरला जाऊन रीतसर शिकून आले होते. नखं सुकवायची दिव्याची पेटी आणली तेव्हा शेजारच्या टेलरबाईंनी त्यात पाव भाजतात का म्हणून विचारलं होतं. भुवया आणि फेशियल करणाऱ्या गावात ढिगाने होत्या. नखांवर मात्र माझं नाव होतं, आणि त्या नावाला मी फार जपायची.

धनश्रीला माझ्याकडे घेऊन आल्या त्या उज्ज्वलावहिनी साळुंखे. त्यांचा पेट्रोल पंप, त्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, आणि गावातल्या बायका कुठल्या दुकानात साडी घेतात इथपासून कुठल्या डॉक्टरकडे जातात इथपर्यंत सगळं त्यांच्या एका शब्दावर चालायचं. त्यांच्या विक्रांतचं लग्न शेजारच्या खेड्यातल्या या मुलीशी ठरलं होतं. मुलगी उंच, काळीसावळी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. वहिनींनी तिचा हात धरून माझ्यासमोर असा ठेवला, जशी दुकानदाराला फाटकी नोट परत देतात.

"हिचे हात बाईमाणसासारखे करून दे, वासंती. बघायला गेलो तर चहाचा ट्रे घेऊन आली आणि माझी जाऊ सगळ्यांसमोर म्हणाली, हे हात पोराचे का पोरीचे. मला मान खाली घालावी लागली."

मी हात बघितले. नखं मांसाला टेकेपर्यंत कापलेली, बोटांच्या पेरांवर घट्टे, करंगळी कधीतरी मोडून थोडी तिरकी बसलेली. जावेचं फारसं चुकलं नव्हतं.

"साखरपुड्याला अंगठीचा फोटो जवळून काढायचाय," वहिनी म्हणाल्या. "तोपर्यंत नखं वाढलेली दिसली पाहिजेत, स्वच्छ, गुळगुळीत. तुझं काम पसंत पडलं तर लग्नातल्या आमच्या सगळ्या बायका तुझ्याकडेच."

सगळ्या बायका म्हणजे अर्धं गाव. मी त्या रात्री सुखाने झोपले होते. ते शेवटचं.

तिच्या नखांवर टिपा, म्हणजे प्लॅस्टिकची खोटी नखं, चिकटवल्या, वर जेलचे थर दिले, फिका गुलाबी रंग दिला. मग तिला समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. हात जास्त वेळ पाण्यात ठेवायचे नाहीत. भांड्याला मोजे घालायचे. हळद लागली तर लगेच साबणाने धुवायची, नाहीतर नख पिवळं पडतं. झोपताना नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब चोळायचा. कड खरखरीत लागली तर दातांनी ओढायची नाही, कानस घ्यायची आणि एकाच बाजूला फिरवायची. डबा उघडायला चमचा असतो, नख हे हत्यार नव्हे. तिने प्रत्येक वाक्याला मान डोलावली. शेवटी म्हणाली, "येवढं सगळं केलं तर किती टिकत्यात?"

"केलंस तर तीन आठवडे हूं की चूं करणार नाहीत."

"अस्सं व्हय," ती म्हणाली. तिचा चेहरा जरा पडल्यासारखा वाटला मला. वाटलं, एवढी पथ्यं ऐकून घाबरली असेल.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला मी काय म्हणू. एक नख जोडून दिलं की दोन तोडून यायची. दरवेळी आधी वहिनींचा फोन.

"तिच्या आईचा निरोप आलाय, परत तुटलं म्हणे. पाठवलंय तुझ्याकडे. नीट कर."

"वहिनी, मी नीटच करते. ती घरी काळजीच घेत नाही."

"तू सामान चांगलं वापरतेस ना, वासंती?"

हे वाक्य माझ्या जिवाला लागलं. मुंबईहून मागवलेलं सामान माझं. पण वहिनींना काय सांगणार? त्यांच्या मनात एकदा बसलं की वासंतीची नखं टिकत नाहीत, तर मंडळाच्या पुढच्या बैठकीत चहाबरोबर तेच वाटलं जाणार होतं.

आणि ही मुलगी. घामाने भिजलेली यायची, आल्या आल्या दोन तांबे पाणी प्यायची, खुर्चीत बसायची आणि मी काम करत असताना चक्क झोपायची. एकदा कोपर सोललेलं होतं. विचारलं तर म्हणाली, बांधावरनं पाय घसरला. मला तर वाटायला लागलं होतं, की तिच्या घरचे तिच्याकडून नांगर ओढून घेतात.

मी थर जाड केले. टिपा बदलल्या. शेवटी अशी नखं केली की त्यांनी नारळ सोलता आला असता. दोन दिवसांत तर्जनीचं गेलं.

ते तुटकं नख मी उजेडात धरून बघितलं. आपटून तुटलेलं नख कडेने चिरतं. हे बरोबर मधोमध, सरळ रेषेत गेलेलं होतं, आणि तिथं जेलवर पांढरा वळ उठला होता. काहीतरी दाबून, वाकवून, मोडेपर्यंत वाकवल्यासारखा.

"धनश्री, तू मुद्दाम मोडतेस का गं?"

"मुद्दाम कोण मोडंल, ताई?"

"मुलगा पसंत नाही का तुला?"

"पसंत हाय की. चांगला हाय तो."

"मग तुला नखं नको आहेत का? तसं सांग. मी वहिनींशी बोलते."

ती एकदम सरळ बसली. "न्हाई न्हाई, नखं पायजेत. नखं लागत्यातच मला. तुम्ही त्यास्नी काय बी बोलू नका."

काय समजायचं माणसानं यातून? मी परत नख जोडलं, परत पथ्यं सांगितली, परत तिने मान डोलावली. जाताना मी तिच्या पिशवीत मोज्यांचा दुसरा जोड कोंबला. म्हशीला सवय होऊ दे म्हटलं.

साखरपुडा रविवारी होता. शनिवारी धनश्री दिवसभर माझ्याकडे असणार असं ठरलं होतं, फेशियल, केस आणि दहाही नखं पहिल्यापासून नवी. मी सकाळी पार्लर झाडून, टॉवेल मांडून तयार बसले होते. तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज, मागे प्रचंड गोंगाट.

"वासंती पार्लरवाल्या तुम्हीच का? धनश्रीच्या हाताला जे काही चिकटवलंय ते तुम्हीच ना?"

"हो, पण तुम्ही कोण?"

"मोहिते. कॉलेजची क्रीडाशिक्षिका. ते निघत नाहीये. काढायचं सामान घेऊन कॉलेजच्या मैदानावर या, आत्ता लगेच."

"बाई, ती आज माझ्याकडे यायचीय. तुमच्या मैदानावर काय करतेय?"

"ते तुम्ही तिलाच विचारा. लवकर या." फोन बंद.

मी गाडी काढली. रस्ताभर मनातल्या मनात तिला काय काय बोलायचं ते जुळवत गेले. मैदानाच्या फाटकावर मोठा फलक होता, जिल्हा कबड्डी निवड चाचणी, महिला. आत तांबड्या मातीवर चुन्याने आखलेली दोन मैदानं, कडेला जर्सी घातलेल्या पोरींचे घोळके. प्रेक्षकांच्या भिंतीच्या सावलीत धनश्री बसली होती. अर्धी पँट, पाठीवर चार नंबर, वेणी घट्ट बांधलेली. माझ्याकडे बघून तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"दाखव," मी म्हटलं.

तिने दाखवले. पहाटे उठून तिने ती नखं नेलकटरने तोडायचा प्रयत्न केला होता. मी नारळ सोलण्याइतकी मजबूत केलेली नखं. नेलकटरचा दांडा वाकला म्हणाली, मग ब्लेड घेतलं. टिपांचे तुकडे उडाले होते, जेलच्या कडा करवतीसारख्या उभ्या होत्या, आणि अंगठ्यातून रक्त येत होतं.

मोहिते मॅडम गळ्यातली शिट्टी सावरत आल्या. "पंचांनी बाजूला काढलंय तिला. खेळाआधी प्रत्येकीची नखं बघतात. अशा कडांनी समोरच्या पोरीला ओरखडलं तर? आता दुसरी मॅच लागलीय. ती संपेपर्यंत हात साफ झाले तर ती खेळणार, नाहीतर घरी जाणार."

"मॅडम, उद्या हिचा साखरपुडा आहे," मी म्हटलं. "ही नखं मी उद्यासाठी केलीत."

"मला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही काढताय ना?"

मी काढायला बसले, कारण तसली नखं घेऊन ती कुठंच जाऊ शकत नव्हती, साखरपुड्यालाही नाही. पण माझं डोकं तडकलं होतं. मातीत बसकण मारली, कापसाचे बोळे रिमूव्हरमध्ये भिजवले, एकेका नखावर ठेवून वरून पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद गुंडाळत गेले. जेल मऊ पडायला वेळ लागतो, तोवर हात हलवायचा नाही. दहा चंदेरी बोटं मांडीवर ठेवून धनश्री बसली आणि पलीकडच्या तालुक्याच्या पोरी खुदूखुदू हसायला लागल्या.

"आता बोल," मी म्हटलं. "म्हैस कुठाय?"

"म्हैस हाय की घरी."

"धनश्री, माझ्या सहनशक्तीचा अंत बघू नकोस."

ती चंदेरी बोटांकडे बघत म्हणाली, "खेळ बंद करायचा, हे लग्नाच्या बैठकीतच ठरलं, ताई. उज्ज्वलाकाकी म्हणल्या, आमच्या घरची सून चड्डी घालून मैदानात लोळणार न्हाई. आबांनी शबूद दिला. तवापासनं एकटीला कुटं सोडत न्हाईत. कॉलेजला बी भाऊ सोडाय येतो, न्यायला येतो."

"मग इथं कशी येतेस?"

"तुमच्याकडं यायचं म्हणलं की कोण काय बोलत न्हाई. काकीच फोन करून सांगत्यात, पाठवा म्हणून."

"ते नख तुटलं तर."

"व्हय," ती म्हणाली. "नख तुटलं तर."

मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा हातातली बाटली मी खाली ठेवली.

"घरी म्हाईत हाय, तुमच्याकडं तीन-चार तास लागत्यात," ती पुढं म्हणाली.

"अर्धा तास लागतो मला."

"व्हय. बाकीचा येळ मी हितं असती. बोटास्नी पट्टी गुंडाळून सराव करायचा, मग तुमच्याकडं यायचं, मग येष्टी."

"आणि ती पथ्यं? तेल, मोजे, सगळं?"

"ताई, तुम्ही सांगितलं तसं जपलं असतं तर एक बी तुटलं नसतं. लई चांगलं काम हाय तुमचं. दोन येळा तर दाराच्या फटीत घालून मोडावं लागलं. डोळ्यांतनं पाणी आलं."

माझ्या कामाची इतकी मनापासून तारीफ तोवर कुणी केली नव्हती, आणि तारीफ करणारीच्या एक थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटत होती. तीन आठवडे मी रात्री जागून विचार करत होते, माझं कुठं चुकतंय. थरांत, दिव्यात, मुंबईच्या सामानात. आणि ही दाराच्या फटीत घालत होती.

"माझं नाव खराब होतंय याचा काही विचार?" मी म्हटलं. "वहिनी मला विचारतात, सामान चांगलं वापरतेस ना. त्यांनी उद्या चार जणींत सांगितलं तर माझ्याकडे कुत्रं फिरकणार नाही. माझ्या पोटावर पाय देऊन तुझा खेळ चाललाय."

"मला सांगायचं हुतं तुमास्नी. भ्या वाटलं. तुम्ही काकींच्या माणूस."

"मी कुणाची माणूस नाही."

मैदानावर कुणीतरी दम धरून कबड्डी कबड्डी करत होतं, आणि त्याच्यावर ओरडा उठत होता.

"एवढं काय आहे या निवडीत?" मी शेवटी विचारलं.

"आज संघात नाव आलं तर राज्य स्पर्धा. तिथं खेळलं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागा असत्यात, त्यात अर्ज करता येतो. सातवीपासनं खेळतीया मी, ताई. पुढच्या वर्षी कोण सोडणार हाय मला? माझी तर आजचीच येळ हाय."

"विक्रांतला माहीत आहे?"

"हाय की. तो म्हणतो, आईला तू सांग. मी म्हणती, आई तुजी हाय, तू सांग. तीन आठवडे ह्येच चाललंय."

तेवढ्यात माझा फोन वाजला. उज्ज्वलावहिनी. धनश्रीने नाव वाचलं आणि तिचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला. मी फोन उचलला.

"वासंती, धनश्री पोचली का तुझ्याकडे?"

मी समोर बघितलं. "पोचली, वहिनी. माझ्यासमोरच बसलीय. बोटं भिजत घातलीत तिची."

"कसली शिट्टी वाजतीय?"

"मागच्या शाळेत पोरं खेळतायत."

"बरं. मी जरा येऊन बघून जाते म्हणते."

धनश्रीचे ओठ हलले, आवाज आला नाही. मी म्हटलं, "आत्ता नका येऊ, वहिनी. रिमूव्हरचा वास भरलाय, तुमचं डोकं उठेल. झालं की मीच फोन करते."

"नीट कर बाई. उद्या आमच्याकडच्या बायका आधी हातच बघणार. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, पोरीचं वळण आता बदललंय म्हणून. आधीचं काही दिसता कामा नये. पार पुसून काढ."

मी फोन ठेवला. खरं म्हणजे त्या जे मागत होत्या तेच तर मी रोज करत होते, खरखरीत ते गुळगुळीत करायचं, मळलेलं पुसायचं. तरी ते 'पार पुसून काढ' ऐकून मला राग आला. या पोरीचा आला होता त्याहून मोठा, आणि तो तिच्यासाठी होता. पहिल्या बोटाचा चंदेरी कागद ओढून काढला आणि मऊ पडलेलं जेल खरवडायला लागले.

हात इतक्या वेगानं मी नंतरही कधी चालवला नाही. जेल निघालं, टिपा निघाल्या, खाली तिची स्वतःची नखं पांढुरकी, ओरबाडलेली. ती कापली, कानस फिरवली, बफरने घासली, दहाही बोटांच्या कडा माझ्या गालावर घासून बघितल्या. कुठं टोचलं नाही. मग सवयीनं तेलाची बाटली उघडली आणि दोन बोटांना थेंब लावलाही.

"तेल नको," मोहिते मॅडम लांबून ओरडत धावत आल्या. "अहो बाई, अंगाला तेल चालत नाही. हात निसटतो म्हणून बाद करतील."

मग माझ्या ओढणीनं तेल पुसलं, वर मातीनं हात चोळले. मी, वासंती, स्वच्छ केलेल्या हातांना स्वतःच्या हातानं माती चोळत होते.

पंच आले. पांढरी पँट, कपाळाला आठ्या. त्यांनी तिचे हात घेतले, उलटे-सुलटे केले, प्रत्येक बोटाच्या टोकावरून अंगठा फिरवला. कोल्हापूरच्या परीक्षेतसुद्धा इतकी घाबरले नव्हते.

"कुणी कापलीत?"

"मी," मी म्हटलं.

"बाकीच्यांची पण कापून द्या. निम्म्या जणींच्या कडा तशाच आहेत," ते म्हणाले आणि धनश्रीला आत जायची खूण केली.

तर पुढचा सगळा वेळ मी भिंतीच्या सावलीत बसून अनोळखी पोरींची नखं कापत होते. मध्येच मान वर करून बघायची. मला कबड्डीतलं काही कळत नाही. ती डाव्या कोपऱ्यात उभी असायची, वाकून, हात पसरून. समोरची पोर दम घेत आत यायची, पाय टाकायची, आणि धनश्रीची बोटं तिच्या घोट्याभोवती मिटायची. एकदा मिटली की सुटत नव्हती. ती मुलगी रेषेकडे हात ताणत फरफटत होती, माती उडत होती, आणि बोटं तिथंच. माझ्या हातातल्या पोरीचा अंगठा मी बघताबघता जरा जास्तच कापला. ती ओरडली.

दुपारी संघ वाचून दाखवला. धनश्रीचं नाव सहावं होतं. तिने मोहिते मॅडमना मिठी मारली, मग मला, आणि माझी ओढणी होती नव्हती तेवढीही मातीत गेली.

पार्लरवर आलो. तिने अंघोळ केल्यासारखे हात-पाय धुतले, कपडे बदलले आणि खुर्चीत बसून हात टॉवेलवर ठेवले. मी टिपांचा डबा उघडला, दिव्याची पेटी चालू केली.

"उद्याचं तुझं काय ठरलंय?" मी विचारलं. "साखरपुडा करतेयस ना?"

"करतीया की."

"मग लावू परत?"

"लावा," ती म्हणाली. थोडी थांबली. "ताई, एक मागू का?"

"आता काय राहिलंय मागायचं?"

"मंगळवारपासनं जिल्ह्याच्या संघाचा सराव हाय. ह्याच मैदानावर, रोज." तिने एकदा हाताकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "तर उद्या फोटोत चांगली दिसतील, आणि मंगळवारी तुटतील, अशी लावाल का?"

आयुष्यात मी कधी मुद्दाम वाईट काम केलं नव्हतं. ते चांगल्यापेक्षा अवघड असतं हे मला त्या दिवशी कळलं. जेल लावण्याआधी नख कोरडं ठणठणीत लागतं, तेलाचा अंशही चालत नाही, हे मला पहिल्या दिवशी शिकवलेलं. मी तेलाची बाटली घेतली, तिच्या नखांवर एकेक थेंब चोळला, वरवर पुसला, आणि त्यावर टिपा चिकटवल्या. थर पातळ दिले. दिव्याखाली अर्धाच वेळ धरले. वरून मात्र असा गुळगुळीत हात दिला, की त्यात तोंड दिसावं. चिडचिड इतकी होत होती माझी, की मध्येच दोनदा उठून पाणी प्यायले.

रविवारी अंगठीचा फोटो सुरेख आला. वहिनींच्या जावेनं धनश्रीचा हात हातात घेऊन बघितला आणि हे कुणाकडे केलं म्हणून विचारलं, असं मला नंतर कळलं. राज्य स्पर्धा, त्यानंतर दोन्ही घरांत झालेला आरडाओरडा, तिची भरती आणि मग उशिरा का होईना विक्रांतशीच झालेलं लग्न, या सगळ्याला अजून अवकाश होता.

मंगळवारी सकाळी मी नुकतं दार उघडलं होतं. फोन वाजला.

"वासंती, काय गं हे? चार नखं गेली म्हणे. काल कणीक मळताना दोन, आज दोन. परवा तर काय सुंदर दिसत होती."

"वहिनी, तिचं नखच मुळात नाजूक आहे," मी म्हटलं. "वरवरच्या कामानं भागायचं नाही. मुळापासून ताकद आणावी लागेल. तिला रोज पाठवावं लागेल माझ्याकडे, दुपारभर."

"रोज? किती दिवस?"

"महिनाभर तरी धरा."

वहिनींचा सुस्कारा ऐकू आला.

"लग्नात असले हात नकोत बाई. घे महिना. मी तिच्या आबांना सांगते, रोज वेळेवर गाडीनं सोडा म्हणून. आणि तिच्या आईला तू माझं नाव घेऊन सांग, तोवर पोरीनं घरात कशालाही हात लावायचा नाही. भांडी नाही, शेण नाही, काही नाही."

"सांगते की," मी म्हटलं. "आत्ताच फोन करते."